शब्द शोधून देणारं ॲप, बरेच महिने वापरून: मोजता येत असून न मोजणारं

सुरुवातीला चार स्टार दिले होते, मागच्या महिन्यात दोनावर आणले. आता तीन. का, ते खाली येईलच.

ॲप काय करतं हे इथे येणाऱ्यांना सांगायला नको. इंग्रजी अक्षरं टाका, इंग्रजी शब्द घ्या. सुरुवातीला अमुक हवं, शेवटी तमुक हवं, हे असावं, ते नसावं, एकूण अक्षरं इतकी, असे सगळे रकाने आहेत. माहीत नसलेल्या जागी प्रश्नचिन्ह टाकायचं. वेग झकास, नेट नसलं तरी चालतं. एवढं कौतुक पुरे.

माझं भांडण आहे ते एकच अक्षर दोनदा येण्यावरून. वर्डलचं उदाहरण घेते, म्हणजे पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा खेळ. पिवळं म्हणजे अक्षर शब्दात आहे पण दुसऱ्या जागी, करडं म्हणजे नाही. समजा उत्तर आहे ‘अबाइड’, म्हणजे ए-बी-आय-डी-ई. तुम्ही टाकलंत ‘स्पीड’. एस आणि पी करडे, पहिला ई पिवळा, दुसरा ई करडा, डी पिवळा. याचा अर्थ शब्दात ई आहे, पण एकच, आणि तो तिसऱ्या-चौथ्या जागी नाही. सहा प्रयत्नांच्या खेळात ही फार मोलाची माहिती झाली. आता ती ॲपला सांगून दाखवा! ‘असावं’मध्ये ई आणि ‘नसावं’मध्येही ई टाकला, तर ते म्हणतं एकही शब्द सापडला नाही. ‘नसावं’मधला काढला, तर ‘इलाइड’ आणि ‘इलूड’ यादीत येऊन बसतात. दोघांतही पुढे एक ई, मागे एक ई. जे शब्द बाद झालेत हे मला कळतंय, ते यंत्राला कळत नाही.

बरं, याला मोजता येत नाही म्हणावं तर तसंही नाही. याच ॲपमध्ये अक्षरं उलटसुलट करून शब्द जुळवायचा विभाग आहे आणि तो अचूक चालतो. ए-ई-आय-एन-आर-एस-टी टाका, ‘रिटेन्स’, ‘रेटिनाज’, ‘नॅस्टिअर’, ‘रेट्सिना’ धडाधड समोर. हे काम जादूचं नसतं. प्रत्येक शब्दाची अक्षरं वर्णक्रमाने लावून ठेवायची. ज्यांची रांग सारखी ते एकमेकांचे भाऊ. त्या रांगेत ई किती आहेत ते उघड दिसतं. म्हणजे मोजणी आत तयार आहे, फक्त ‘असावं-नसावं’च्या फिल्टरपर्यंत ती कोणी आणलेली नाही.

स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांच्या टाइल्स पटावर लावून शब्द जुळवायचा खेळ, तो खेळणाऱ्यांनाही याचा फटका बसतो. ‘झेड असावा’ सांगून गुणांप्रमाणे यादी लावली की ‘पिझाझ’ अगदी वरच्या रांगेत दिसतो, ४५ गुणांसकट. त्यात झेड चार. स्क्रॅबलच्या १०० टाइल्समध्ये झेड एक आणि कोणत्याही अक्षराऐवजी चालणाऱ्या कोऱ्या टाइल्स दोन. हा शब्द यादीत वैध आहे, पण पटावर लागूच शकत नाही. शिवाय कोऱ्या टाइलला गुण शून्य, तेव्हा ते ४५ कुठून आले हे ॲपलाच ठाऊक.

सपोर्टला सविस्तर ईमेल लिहिलं, वरचं ‘स्पीड’चं उदाहरण स्क्रीनशॉटसह. उत्तर आलं, ॲप काढून पुन्हा टाका. टाकलं. त्यात मी जमवलेली क्यू असून यू नसलेल्या शब्दांची यादी उडाली: काट (क्यू-ए-टी), कादी, फकीर, तलाक, निकाब, सगळे. शब्द परत गोळा करता येतात हो, पण त्यांनी आधी बॅकअप घ्या म्हणायला काय हरकत होती? वर एकदाच पैसे मोजून घालवलेल्या जाहिराती परत सुरू झाल्या. ‘जुनी खरेदी परत मिळवा’ हे बटण सेटिंग्जच्या अगदी तळाशी लपवलंय. ते दाबल्यावर गेल्या. दोन स्टार तेव्हाचे.

नंतरची भर: वरचं लिहून ठेवलं होतं तेवढ्यात नवीन आवृत्ती आली. आता ‘असावं’मध्ये ई दोनदा टाकला तर किमान दोन ई असलेलेच शब्द येतात. आधी दोनदा टाका नाहीतर पाचदा, एकदाच धरायचं. ‘नेमका एकच’ म्हणायची सोय मात्र अजून नाही. त्यावर माझा जुगाड असा: एकदा एक ई टाकून यादी काढायची, मग दोन ई टाकून दुसरी, आणि दुसरीतले शब्द पहिलीतून मनातल्या मनात खोडायचे. पाच अक्षरांपुरतं जमतं. एक स्टार वाढला तो यासाठी.

आणखी एक गोष्ट नव्या आवृत्तीत मनापासून आवडली. प्रत्येक शब्दापुढे तो स्क्रॅबलच्या कोणत्या अधिकृत यादीत चालतो ते दिसतं. कॉलिन्स या शब्दकोशाची यादी २ लाख ८० हजारांच्या आसपास, उत्तर अमेरिकेची २ लाखांच्या थोडी आत, त्यामुळे वाद ठरलेला. सी-एच हा दोनअक्षरी शब्द कॉलिन्समध्ये चालतो, अमेरिकन यादीत नाही. क्यू-आय दोन्हीकडे चालतो. आमच्याकडे मावसबहीण दर डावाला याच्यावरून हुज्जत घालायची, आता फोन तिच्यापुढे सरकवते. (डाव चालू असताना मी शब्द शोधत नाही, संपल्यावर काय सुटलं ते बघते. वर्डलला अडकले की बघते, तिथे समोर कोण बसलंय!)

व्ही टाकून दोनअक्षरी शब्द मागितला तर यादी रिकामी येते. त्यावर एक स्टार देणाऱ्यांनी रिव्ह्यू मागे घ्यावेत. असा शब्द दोन्ही याद्यांत नाहीच. शेवटी हातात व्ही उरला तर तो तुमचा भोग.

मासिक वर्गणीच्या वाटेला मात्र जाऊ नका. तिच्यात मिळतात शब्दांचे अर्थ आणि चार रंगीत थीम. अर्थ कुठल्याही फुकटच्या शब्दकोशात मिळतात, आणि थीम बदलून ई मोजता येत नाहीत.