चिखलातली पिकअप विकायला काढताना: डीए पॉलिशर, एम१०५ आणि एम२०५ किती कामाचे?

खडकाळ वाटा, झुडपं आणि ओढे तुडवलेली फोर-बाय-फोर पिकअप विकायची ठरली की बहुतेकांची नजर आधी पॉलिशिंग मशीनकडे जाते. इथे पारखलेला संच असा: १५ मिमी थ्रोचा (पॅड डोलतो त्या वर्तुळाचा व्यास) ड्युअल ॲक्शन, म्हणजे डोलत-डोलत फिरणारा डीए पॉलिशर, १२५ मिमीची बॅकिंग प्लेट (पॅड चिकटवायची चकती), मायक्रोफायबरचे आणि फोमचे पॅड, सोबत मेग्वायर्सचं एम१०५ कंपाउंड (ओरखडे कापणारी जाड पेस्ट) आणि एम२०५ फिनिशिंग पॉलिश (शेवटचा हात देणारं बारीक पॉलिश). निकाल आधीच सांगतो. बॉनेट, दारं आणि मागचा फाळका यांच्यासाठी संच उत्तम आहे. बाकीच्या गाडीवर त्याचा उपयोग बेताचा, आणि भलत्या जागी चालवला तर नुकसानच. शिवाय अशी गाडी घेणारा माणूस बॉनेटकडे एकदा बघतो आणि लगेच खाली वाकतो, हे विसरू नका.

मशीन बाहेर काढण्याआधी अर्धं काम पाण्याचं आहे. वाळलेल्या चिखलात क्वार्ट्झचे कण असतात आणि ते क्लिअर कोटपेक्षा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरापेक्षा, कितीतरी कठीण. कोरडं फडकं फिरवलंत तर रंगावर सँडपेपर फिरवल्यासारखंच आहे. आधी नुसतं पाणी मारून चिखल दहा-पंधरा मिनिटं भिजू द्या, मग स्नो फोम (फवारून मारायचा दाट साबणाचा फेस) मारा आणि तो सुकण्याआधी धुऊन टाका. प्रेशर वॉशरला ४० अंशांचा नोझल लावा आणि रंगापासून निदान ३० सेंमी लांब धरा. रेडिएटरच्या जाळीवर, चाकांच्या हब सीलवर, प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर आणि डिफरन्शियलच्या ब्रीदरवर (हवा जायच्या नळीवर) जवळून झोत मारायचा नाही. सीलमधून पाणी ग्रीसमध्ये शिरतं आणि पुढे बेअरिंग घरघरायला लागतं.

चाकांवरचे प्लास्टिकचे फ्लेअर (चाकाच्या कमानीवरच्या पट्ट्या) मात्र काढूनच धुवा. स्क्रू आणि क्लिपा काढल्या की मागून मुठीमुठीने माती निघते. तीच माती हादऱ्यांनी रंग घासत असते, म्हणून फ्लेअरच्या कडेला मंद, पांढरट पट्टा दिसतो. जुन्या क्लिपा हमखास तुटतात, चार-सहा जास्तीच्या आणून ठेवा.

धुऊन झाल्यावर पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून बॉनेटवरून बोटं फिरवा. नुसत्या हाताला न लागणारी खरखर पिशवीतून लगेच कळते. डांबराचे ठिपके टार रिमूव्हरने काढा आणि ब्रेकच्या लोखंडी कणांवर आयर्न रिमूव्हर मारा. तो लोखंडाला लागला की जांभळे ओघळ येतात, आणि वास सडक्या अंड्यासारखा, तेव्हा मोकळ्या हवेत आणि गार पत्र्यावरच. उरलेली खरखर क्ले बारने (रंगात रुतलेले कण ओढून काढणाऱ्या मऊ मातीसारख्या गोळ्याने), भरपूर लुब्रिकंट मारून काढा. क्लेचा गोळा जमिनीवर पडला तर धुऊन परत वापरू नका, फेकून द्या. त्यात रुतलेला एक खडा अख्ख्या दारावर रेघ ओढून ठेवतो.

आता मशीन. डीए पॉलिशरचा मोठा गुण म्हणजे जोर जास्त पडला की पॅडचं फिरणं थांबतं. रोटरी, म्हणजे एकाच अक्षावर गोल फिरणारं मशीन, तसं थांबत नाही, म्हणून कडेला रंग जाळण्याची भीती रोटरीत जास्त. त्याच गुणाची दुसरी बाजू अशी की पिकअपच्या फुगीर मडगार्डवर १५ मिमीचा डीए वारंवार अडतो. नुसता थरथरतो, कापत काहीच नाही, आणि आवाजावरून ते कळतही नाही. उपाय सोपा आहे: बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करने एक जाड रेघ मारा. रेघ फिरताना दिसली तर काम चालू आहे. एका जागी थरथरत राहिली तर जोर कमी करा किंवा पॅड सपाट धरा. दाराच्या मुठीभोवती आणि खांबांवर ७५ मिमीची छोटी प्लेट असलेलं मशीनच हवं. संचात ते नाही, आणि ही उणीव जाणवते.

रंगाची जाडी मोजल्याशिवाय कंपाउंड लावू नका. कारखान्यातून आलेला रंग सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो आणि त्यात वरचा क्लिअर कोट जेमतेम ४०-५०. गेजवर, म्हणजे रंगाची जाडी मोजणाऱ्या यंत्रावर, ८०च्या खाली आकडा आला तर तिथे आधी कुणीतरी घासून ठेवलंय, हात लावू नका. ३००च्या वर गेला तर खाली लांबी (पुट्टी) भरलेली असण्याची शक्यता मोठी. गिऱ्हाइकाकडेही गेज असू शकतं, त्यामुळे ती जागा आपणच आधी सांगितलेली बरी.

एम१०५ हे दणकट कंपाउंड आहे. १२०० ग्रिटच्या सँडिंगच्या खुणा काढण्याचा त्याचा दावा आहे, आणि झुडपांच्या फांद्यांनी ओढलेल्या बारीक रेघांवर ते खरंच लवकर चालतं. पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब, एका वेळी ४५ बाय ४५ सेंमीचा चौकोन, स्पीड ४ किंवा ५, हात सावकाश, आडवे-उभे मिळून चार ते सहा फेरे. चौकोन मोठा घेतलात किंवा पत्रा तापलेला असला तर ते लवकर सुकतं आणि पांढरी भुकटी उडते. मग लोक आणखी कंपाउंड ओततात, पॅड गच्च भरतो, कापणं बंद होतं आणि उष्णता वाढते. दर दोन चौकोनांनंतर पॅड ब्रशने झाडणं हाच यावरचा इलाज.

मायक्रोफायबर पॅडनंतर गडद रंगावर धुरकट छटा राहते. ती घालवायला एम२०५ मऊ फोमवर, कमी जोराने. या दोघांत एम२०५ जास्त गुणी म्हणावं लागेल: सावकाश सुकतं, पुसायला सोपं, आणि पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर बऱ्याचदा एकटंच पुरतं. प्रत्येक चौकोन १५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पाण्याने पुसून मगच उजेडात बघा, कारण पॉलिशमधलं तेल ओरखडे झाकतं. चकाकीसाठी ग्लेझ (ओरखडे भरून झाकणारं तेलकट द्रव्य) फासणारे नेमकं हेच करतात, आणि दोन-चार धुण्यांत सगळं पुन्हा उघडं पडतं.

नख अडकतं तो ओरखडा सोडून द्या. तो बुडापर्यंत काढायला गेलात तर भोवतालचा क्लिअर कोट संपतो, आणि कोपऱ्यावरचा रंग फुटला की सगळं पॅनेल रंगवावं लागतं. कडांचा टोकदारपणा पॉलिशने थोडा बोथट झाला की रेघ लांबून दिसत नाही, तेवढं पुरे. मॅट (न चमकणारा) रंग किंवा मॅट रॅप (गाडीवर चिकटवलेली फिल्म) असेल तर यातलं काहीच लावू नका. चमकलेला डाग परत मॅट होत नाही.

काळं खरबरीत प्लास्टिक आधी मास्किंग टेपने झाका. कंपाउंड त्याच्या पोतात सुकलं की पांढरे डाग पडतात. पडलेच तर पातळ केलेलं ऑल पर्पज क्लीनर आणि दातांचा ब्रश घ्या, हट्टी ठिपक्यांना पांढरा खोडरबर. उन्हाने राखाडी झालेल्या फ्लेअरवर सिलिकॉनचं ड्रेसिंग पावसातच धुऊन जातं. टिकणारं ट्रिम कोटिंग लावा, तेही प्लास्टिक पूर्ण तेलमुक्त करून. पिवळट हेडलाइटला ओल्या सँडपेपरने १०००, १५००, ३००० ग्रिट अशा पायऱ्या, मग हेच कंपाउंड, आणि शेवटी यूव्ही सीलर. सीलर वगळलात तर काचा काही महिन्यांत पुन्हा पिवळ्या.

गाडीचं पोट मात्र संचाच्या आवाक्याबाहेर आहे, आणि सौदा तिथेच ठरतो. स्किड प्लेटचे (पोटाखालच्या संरक्षक पत्र्याचे) बोल्ट काढून प्लेट खाली घ्या; तिच्यावर चिखलाचा थर घट्ट बसलेला असतो आणि ओलावा धरून ठेवतो. चासीच्या पोकळ रेल्समध्ये लवचीक नळीचा नोझल घालून, खालच्या भोकांतून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. भोकं बुजलेली असतील तर तारेने मोकळी करा. पातळ गंज वायर ब्रशने घासून त्यावर रस्ट कन्व्हर्टर (गंजाला स्थिर थरात बदलणारं रसायन) लावा. पण सगळ्या पोटावर ताजा काळा अंडरकोट मारू नका. ओल्या मातीवर किंवा सैल गंजावर मारलेला थर ओलावा आतच कोंडतो, आणि जाणता गिऱ्हाईक ताजा काळा रंग दिसताच स्क्रूड्रायव्हरने टोचून बघतो. स्वच्छ आणि थोडी गंजलेली चासी त्यापेक्षा जास्त भरवशाची वाटते.

इंजिनाचंही तसंच. गार इंजिन, अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स आणि हवेचं तोंड प्लास्टिकने झाकलेलं, पातळ केलेलं डिग्रीझर, मऊ ब्रश, हलकं पाणी. प्रेशर वॉशर नको, चकाकणारं ड्रेसिंगही नको. तेल गळत असेल तर गॅस्केट बदला. पुसलेली गळती टेस्ट ड्राइव्हवरून परत येताच थेंब टाकते.

आतलं थोडक्यात: सीट काढून गालिचा उचला, खाली ओल असेल तर पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नका, नाहीतर कुबट वास कुठल्याही सुगंधाने जात नाही. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून सौम्य साबणाने धुवा. गिऱ्हाईक तिथे गाळाची रेघ शोधतो. ब्लीच वापरू नका, पट्ट्याचे धागे कमजोर होतात.

एका गाडीसाठी संच घेणार असाल तर दोन्ही द्रावणांची छोटी बाटली पुरते. कमी पडतात ते पॅड: कंपाउंडसाठी निदान चार आणि एम२०५साठी दोन मोजून घ्या. एम१०५ लावलेला पॅड धुतला तरी एम२०५साठी वापरू नका. त्यात राहिलेले कण फिनिशिंगच्या फेरीत पुन्हा रेघा पाडतात.