ओवा, संत्रा, बेल : पोटासाठी घरी केलेल्या पाण्यांचा दिवाळीपासून वैशाखापर्यंतचा अनुभव

बाटलीवाल्यांना फोन लावला, तर झाकणातली रबरी रिंग वेगळी मिळत नाही म्हणे. "सर, पूर्ण झाकण घ्यावं लागेल." बरं, झाकण द्या. "सर, झाकण सध्या स्टॉकमध्ये नाही." फळं-मसाले भिजवायला ऑनलाइन मागवलेली जाळीवाली काचेची बाटली. काच शाबूत, जाळी शाबूत, आणि घोडं अडलं कुठं, तर रबरावर. तो फोन ठेवला आणि म्हटलं, आता या पाण्यांचा सगळा हिशेबच लिहून काढू.

कृती सगळ्यांनाच माहीत आहेत, त्या सांगत बसत नाही. आमच्याकडे गरज का पडली तेवढं सांगतो. आम्ही दर्यापूरकडचे. घरात आठवड्यातून दोनदा बेसन असतंच. कधी झुणका, कधी पातोडीचा रस्सा, कधी गोळाभात. वर लग्नाकार्यातले रोडगे-वांगे. चाळिशी उलटली की हे सगळं पोटात बसून राहतं. मेडिकलमधून गॅसच्या पुड्या आणून आणून कंटाळलो होतो आणि खर्चही दिसायला लागला होता.

ओवा, जिरं, बडीशेप यात तक्रारीला जागा नाही. दोन कप पाण्याला अर्धा चमचा ओवा, चमचाभर बडीशेप, चिमूटभर जिरं. एक उकळी आली की गॅस बंद करायचा आणि झाकण ठेवायचं. ओव्यात जे थायमॉल असतं ते वाफेबरोबर उडतं. स्वयंपाकघरभर घमघमाट सुटला म्हणजे कामाचा माल छताला गेला. जेवणानंतर कोमट घेतलं की दोन ढेकर येतात, पोट हलकं होतं. यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नका. धाकट्या भावाला छातीत जळजळ होते, त्याला यानं उलट जास्त झालं. गॅस वेगळा, आम्लपित्त वेगळं. हां, हे पाणी त्या बाटलीत भरून ठेवलं आणि रिंगेत ओव्याचा वास जो शिरला तो सोडा, लिंबू, ऊन कशानंच निघाला नाही. पुढं त्या बाटलीत काहीही भिजवा, चव ओव्याची.

पाण्याचं कुणी बोलत नाही, पण आमच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारट असलेल्या भागात, तोच अर्धा मामला. आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ धड शिजत नाही, त्यात बडीशेप काय उतरणार? नळ येईल तेव्हा भरून ठेवलेलं किंवा जारचं पाणी वापरलं तरच चव लागते.

आता संत्रा. यावर मी जरा जास्त बोलणार.

बहीण वरूडला दिली आहे, आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुललेल्या संत्र्यांची, पेटी दिवाळीच्या आगेमागे घरी येतेच. मोबाईलवर सगळीकडे तेच चित्र. काचेच्या बाटलीत संत्र्याच्या चकत्या, पुदिना, रात्रभर भिजवा, सकाळी प्या, पोट साफ. मीही चकत्या केल्या. सकाळी पहिला घोट माईला दिला. तिनं ओसरीवरूनच अंगणात थुंकला. "हे कडूजहर कोनाले पाजतं रे? ढोरं तोंड लावाचे नाही याले."

संत्रा गोड होता, बाटली नवी होती, पाणी जारचं होतं. मग कडू कशानं? बिया काढून केलं, कडूपणा थोडा कमी. बिया आणि पांढऱ्या शिरा दोन्ही काढल्या, आणखी कमी. पण रात्रभर ठेवलं की कडू ते कडूच. बहिणीच्या दिरानं उलगडा केला, तो बागाईतदार आहे. संत्र्याच्या बियांत आणि पडद्यांत एक बेचव द्रव्य असतं. फळ कापलं की ते आंबट रसात मिसळतं आणि काही तासांत त्याचं लिमोनिन होतं, ते कडू. नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवणाऱ्या कारखान्यांनाही हीच डोकेदुखी आहे. म्हणजे ताजा रस गोड आणि ठेवलेला कडू, हा त्याचा स्वभावच. मग "रात्रभर भिजवा" सांगणाऱ्यांनी स्वतः कधी पिऊन पाहिलं का? की फोटो काढून ओतून दिलं?

बरं, कडू सोसलं तरी पदरात काय? संत्र्यात पोटाला उपयोगी तो चोथा, आणि तो राहतो जाळीत. आपण पितो रंगाचं पाणी. त्यात वरच्या सालीवर फवारणी झालेली. दिराच्या बागेत काय मारलं ते विचारता तरी येतं, बाजारच्या फळाचं कोणाला विचारणार? संत्रा सोलून, फोडी चावून खाणं फुकटात जमतं, बाटली लागत नाही.

मधे गावात 'पाचक काढा' म्हणून एक पुडी विकायला आली होती. त्यात जेष्ठमध होतं. बाबांना बीपीची गोळी चालू आहे. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पुडी पाहिली आणि बंद करायला सांगितली. जेष्ठमध रोज पोटात गेलं तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम कमी होतं. झाडपाल्याचं आहे म्हणून काहीच होत नाही, असं नसतं.

इथवर महाशिवरात्रीच्या आधी लिहून ठेवलं होतं, आणि तेव्हा बेलाला पाचात दोन गुण दिले होते, कारण फळं कच्ची आणि खटाटोप फार. आता वैशाखात गुण बदलतो. पाच.

देवळामागच्या झाडाची पिकून पडलेली फळं आणतो. कवटी दगडावर आपटून फोडायची, गर चमच्यानं काढायचा, पाण्यात अर्धा तास ठेवून हातानं कुस्करायचा आणि पिठाच्या चाळणीतून गाळायचा. मिक्सर लावू नका, बिया वाटल्या की कडवट होतं. थोडा गूळ, चवीला मीठ. पिकलेल्या बेलानं सकाळी पोट साफ होतं, तेही मुरडा न येता. जुलाब असतील तर हा नको. त्यासाठी आमच्याकडे कच्च्या बेलाचा वाळवलेला गर वापरतात. एकच अट, केलं की लगेच प्यायचं. आमच्या उन्हात सकाळी केलेलं दुपारी आंबतं, आणि भारनियमनात फ्रिजचा भरवसा नाही. भांडं स्टीलचं, बिनकल्हईच्या पितळेत आंबटगोड काहीही कळकतं.

मृग लागला की बेल संपतील. तेव्हा नळाला गढूळ पाणी येतं, म्हणून पावसाळ्यात भिजवलेलं काहीच घेणार नाही. उकळलेलं ओवा-जिरं तेवढं चालू ठेवीन, भाऊ सोडून बाकीच्यांना.