एसडीक्यू: २५ विधानांचा कागद, सुपरव्हायझरच्या टेबलावर

अडचणीत सापडलेली किशोरवयीन मुलं आणि त्यांची कुटुंबं यांच्यासोबत काम करणाऱ्या टीमची मी सुपरव्हायझर आहे. आमच्याकडे नवी केस आली की फाइलमध्ये सगळ्यात आधी लागतो तो एसडीक्यू, म्हणजे ‘स्ट्रेंथ्स अँड डिफिकल्टीज क्वेश्चनेअर’, मुलाच्या जमेच्या बाजू आणि अडचणी विचारणारी प्रश्नावली. ब्रिटनमधले बालमनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ मध्ये ही प्रश्नावली मांडली. एकच पान, २५ विधानं, प्रत्येकापुढे तीन रकाने: खरं नाही, थोडंफार खरं, अगदी खरं. भरायला फार वेळ लागत नाही आणि ना-नफा कामासाठी छापील फॉर्म फुकट वापरता येतो. मोबाइलवर भरून घ्यायचा असेल तर मात्र परवाना लागतो, तो संस्थेने आधीच घ्यावा.

पालकांचा फॉर्म वेगळा, शिक्षकांचा वेगळा, ११ ते १७ वयाच्या मुलांनी स्वतः भरायचा वेगळा. माझ्या मते या प्रश्नावलीची खरी किंमत इथे आहे. बऱ्याच ठिकाणी फक्त आईचा फॉर्म घेतात, बेरीज करतात आणि फाइल बंद करतात. तसं करायचं असेल तर कागद वाया घालवू नये.

एकदा आमची एक कार्यकर्ती आईचा आणि मुलाचा असे दोन फॉर्म घेऊन आली. आईच्या फॉर्मवर ४० पैकी २४, म्हणजे सगळ्यात वरचा, जास्त अडचणींचा पट्टा. मुलाच्या फॉर्मवर ११, म्हणजे नॉर्मल. ती म्हणाली, “ताई, पोरगं सगळं दडवतंय.” मी म्हटलं, “बेरीज झाकून ठेव. एकेक ओळ वाच.” भांडण, खोटं बोलणं, ऐकत नाही, इथे आईच्या खुणा ठळक. मुलाच्या खुणा चिंता आणि भीतीच्या ओळींवर होत्या. आणि एक तरी चांगला मित्र आहे, या विधानापुढे आईने ‘अगदी खरं’ केलं होतं, मुलाने ‘खरं नाही’. पुढच्या गृहभेटीत काय विचारायचं हे तिला मग मला सांगावं लागलं नाही. तिने मित्राचाच विषय काढला.

गुण मोजताना दोन ठिकाणी हमखास गडबड होते. पाच विधानं उलट्या दिशेची आहेत, मित्राचं विधान त्यातलंच. एरवी ‘खरं नाही’ला ० आणि ‘अगदी खरं’ला २ गुण, तिथे मात्र ‘खरं नाही’ला २. आणि दुसऱ्यांना मदत करणं, समजून घेणं या पाच विधानांचे गुण एकूण बेरजेत धरायचेच नसतात. नवा कार्यकर्ता आला की पहिले काही फॉर्म मी त्याच्याशेजारी बसून मोजते.

एका बाबतीत मी कडक आहे. स्वतःला इजा करणं, नशा, घरातली मारहाण यांबद्दल या २५ विधानांत एकही थेट प्रश्न नाही. ‘स्कोअर नॉर्मल’ म्हणजे मूल सुरक्षित, असं कुणी फाइलमध्ये लिहिलं तर मी ती फाइल परत पाठवते. हे प्रश्न वेगळे, समोरासमोर, मुलाला एकटं भेटून विचारायचे. शक्यतो त्याच भेटीत.

निधी देणाऱ्यांना सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा हवा असतो. फॉलो-अपचा फॉर्म त्यासाठी आहे. पहिला फॉर्म गेल्या सहा महिन्यांबद्दल विचारतो, हा गेल्या एका महिन्याबद्दल. पण कुटुंबं आपल्याकडे येतात तीच त्रास टोकाला गेल्यावर, त्यामुळे काहीही न करता नुसता वेळ गेला तरी बरेचदा आकडा खाली येतो. उतरलेल्या प्रत्येक गुणाचं श्रेय कार्यक्रमाला देणं मला पटत नाही, आणि माझ्या टीमची कामगिरी या आकड्यावर जोखायला माझा विरोध आहे. तसं झालं तर कार्यकर्ते नकळत सोप्या केसेस निवडायला लागतात.

फॉर्म मागवताना पाठच्या बाजूचे प्रश्न असलेलीच आवृत्ती घ्या. अडचण कधीपासून आहे, मुलाला तिचा किती त्रास होतो, घर, मैत्री, अभ्यास यांत किती अडथळा येतो, कुटुंबावर किती भार पडतो, हे तिथे विचारलेलं असतं. मी हे पान आधी वाचते. पुढच्या पानावर गुण मध्यम आणि इथे भारापुढे ‘खूप’ अशी खूण असेल, तर त्या घरी त्याच आठवड्यात कुणीतरी जातं.