फायर ब्लँकेट विकायला कुणी दारात आलं तर पाकीट आधी फोडायला लावा

लातूरला नीटच्या तयारीसाठी आलेल्या पोरापोरींना जेवण पुरवायचं काम मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई करतो. दोन भट्ट्या, १९ किलोच्या टाक्या आणि पुऱ्यांच्या दिवशी कढईत पाच-सहा किलो तेल. अशा जागी आगीची भीती दाखवायला फार बोलावं लागत नाही. हेच हेरून जून संपता संपता एक जण फायर ब्लँकेट, म्हणजे आगीवर टाकून ती विझवायचं न जळणारं कापड, विकत आमच्या भागातल्या खाणावळींमधून फिरून गेला. अजून फिरायलाय, म्हणून हे लिहितेय.

निळा शर्ट, खांद्यावर लाल पट्टी, गळ्यातलं ओळखपत्र कायम उलटं. ‘अग्निशमनचा माणूस आहे’ असं तो एकदाही म्हणाला नाही. म्हणाला, “अग्निशमनच्या तपासणीचं आलंय वहिनी, त्यासाठी फिरतोय.” या दोन वाक्यांत काय फरक आहे ते तक्रार लिहायला बसल्यावर कळतं.

कायदाही त्याला तोंडपाठ. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. दर जानेवारीत आणि जुलैत ‘नमुना ब’ द्यावा लागतो, हेही त्यानं सांगितलं, आणि ते खरं आहे. पण ज्या इमारतींना हा कायदा लागू आहे तिथली आगीची यंत्रणा चालू आहे, असं ते प्रमाणपत्र असतं आणि ते परवाना असलेली एजन्सी देते. ब्लँकेट विकणाऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही. त्यानं या खऱ्या गोष्टीला शेपूट जोडलं: “जुलैत साहेब येणार, भट्टीमागं ब्लँकेट दिसलं नाही तर जागेवर सील.”

मग प्रात्यक्षिक. पिशवीतून रुमालाएवढं पांढरं, चमकदार कापड काढलं, तळहातावर पसरलं, त्यावर कापराची वडी ठेवून पेटवली. वडी जळून गेली. कापडावर नुसता काळा डाग, हाताला काही नाही. पातेल्यात कागद पेटवून त्यावर तेच कापड टाकलं, आग गप्प. जाऊबाई बघतच राहिल्या. त्यात हातचलाखी काही नव्हती. ते कापड अस्सल होतं, काचेच्या धाग्यांचं. आम्हाला दिलेल्या लाल पाकिटात मात्र ते नव्हतं.

“उघडून दाखवा की,” जाऊबाई म्हणाल्या होत्या. त्यावर त्याचं उत्तर तयार: “सील तुटलं तर तपासणीत बाद होतं ताई.” सगळी फसवणूक या एका वाक्यावर उभी आहे. ब्लँकेटच्या पाकिटात उडून जाणारं, नासणारं काहीही नसतं. उघडावं, झटकून बघावं, परत घडी घालून ओढून काढायच्या पट्ट्या खाली लोंबत्या ठेवाव्यात. एका नगाचे १,८५० रुपये. आम्ही दोन घेतली, शेजारच्या खाणावळीनं तीन.

उघड झालं ते आमच्या स्वयंपाकाच्या मावशींमुळं. तेलातून काढलेला झारा टांगताना पाकिटातून बाहेर आलेल्या कापडाच्या कोपऱ्याला लागला. “अगं बया, हे तर पोलक्याच्या अस्तरावानी आकसायलंय की!” बघितलं तर कोपरा गोळा होऊन झाऱ्याला चिकटलेला. पाकीट फोडलं. आत मऊ, करड्या रंगाचं, वजनाला हलकं कापड. कडेचा एक धागा ओढून समईच्या ज्योतीवर धरला, तर तो पेटला, वितळला आणि टोकाला काळा मणी झाला. चक्क पॉलिस्टर.

काचेचा धागा पेटत नाही. ज्योतीत लाल होतो, फार तर टोक वितळतं, पण धूर नाही, जळका वास नाही. कापड हातावर घासलं तर थोडी खाजही सुटते. पॉलिस्टर साधारण २५० ते २६० अंशांना वितळतं आणि पेट घेतलेलं तेल ३०० अंशांच्या वर असतं. म्हणजे पुऱ्यांच्या कढईवर आम्ही ते टाकलं असतं तर आग झाकली जायच्या ऐवजी कापडच तेलात विरघळून पेटलं असतं, आणि टाकणारीचे हात तिथंच असते. पैसे गेल्याचा राग आहेच, पण या विचारानं जास्त संताप येतो. ब्लँकेट नसतं तर निदान मोठी परात झाकायचं तरी सुचलं असतं.

पावतीवर मोठ्या अक्षरांत ‘आयएसआय प्रमाणित’. खऱ्या आयएसआय चिन्हाच्या वर आयएस क्रमांक असतो आणि खाली सीएम/एल पासून सुरू होणारा परवाना क्रमांक. तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकला की कंपनीचं नाव येतं. इथं नुसतं चिन्ह. जीएसटी क्रमांक मोजला तर १३ अक्षरं भरली. तो १५ अक्षरांचा असतो, आपल्या राज्याचा २७ नं सुरू होतो. पैसे फोनवरून गेले ते तिसऱ्याच नावावर, आणि पावतीवरचा नंबर दुसऱ्या दिवसापासून बंद.

पोलिसांत लेखी अर्ज दिलाय, पोच घेतलीय. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंदवलंय. पैसे आलेले नाहीत, आणि येतील असं मला वाटत नाही. पण अर्जाला शेजारच्या खाणावळीचाही अर्ज जोडला, तेव्हा ठाण्यातल्या लोकांनी जरा मान वर करून बघितलं. ज्यांनी घेतलंय त्यांनी लाजू नका, अर्ज द्या. पाकीट टाकून देऊ नका, तोच पुरावा आहे.

खरं ब्लँकेट आता दुकानातून, समोर उलगडून, धागा जाळून बघून घेतलंय. ते भट्टीवर नाही, दाराजवळ टांगलंय. आग लागल्यावर भट्टीवरचं काढणार कोण? आधी गॅस बंद, मग कोपरे हातांवर गुंडाळून आपल्याकडून पलीकडं सरकवत झाकायचं आणि कढई गार होईस्तोवर उचलायचं नाही. पाणी तर अजिबात नाही. ते वाफ होऊन सतराशे पट फुगतं आणि पेटतं तेल छतापर्यंत उडवतं. आमच्या मोठ्या कढईला एक मीटरचं ब्लँकेट पुरत नाही, तिच्यासाठी जाड पत्र्याचं झाकण करून घेतलंय. मला विचाराल तर खाणावळीत पहिला भरवसा झाकणाचाच.

परवा उदगीरहून ओळखीच्या बाईंचा फोन आला. कापूर तोच, उलटं ओळखपत्र तेच, शर्ट मात्र खाकी, आणि भाव १,४०० वर आलाय. सोबत ‘नवीन नियमाची’ गॅसची नळीही गळ्यात मारायलाय. नळी आपल्या वितरकाकडूनच घ्या. तपासणीचं नाव कुणी सांगितलं तर त्याला दारात थांबवून आधी वितरकाला फोन लावा. गॅसचा वास आला तर १९०६. त्या बाईंनी फोटो काढायला मोबाइल वर धरला, तर गडी पिशवी उचलून अहमदपूरच्या गाडीत बसला म्हणे.