मोटरवाली शे लोको, काही महिने चालवल्यावर : सगळा जीव चार जॉइंटमध्ये

गौरी आल्या त्याच संध्याकाळी आरासीतली गाडी, म्हणजे ब्रिक जोडून केलेलं शे जातीच्या वाफेच्या इंजिनाचं मोटरवालं मॉडेल, बसली. मोटर फिरत होती, तिन्ही पिस्टन वरखाली होत होते, पण मागची बोगी (डबा नव्हे, इंजिनाखालचा चाकांचा संच) नुसती फरफटत होती आणि पुठ्ठ्याच्या घाटावर पुढची चाकं जागच्या जागी घसरत होती. उलटी करून बघितली तर मागच्या शाफ्टवरचा एक युनिव्हर्सल जॉइंट (शाफ्ट कोनात वाकला तरी फिरकी पुढं नेणारा सांधा) उभा चिरलेला. घरात पाहुणे, गल्लीतली पोरं गाडी बघायलाच आलेली, आणि दहा हजारांच्या वरच्या किटची ही गत एवढ्याशा प्लास्टिकमुळं. म्हणून हा रिव्ह्यू लिहायला घेतला आणि तो मुख्यतः त्या जॉइंटबद्दलच आहे, बाकी पार्ट किती, रंग कसा हे लिस्टिंगवर आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. लेगोला जुळणारे ब्रिक, ट्रॅक लेगोच्या मापाचा, मॉडेल क्लास बी शे म्हणजे दोन बोग्या आणि तीन सिलिंडर, ज्यांना घ्यायचंय त्यांना एवढ्यावरून कळेल.

शे का घेतली ते सांगतो. माझं लहानपण मिरज जंक्शनच्या आसपास गेलं, तेव्हा एकाच स्टेशनात ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज अशा तिन्ही गाड्या बघायला मिळायच्या. बार्शी लाइट 1927 साली मिरजेपर्यंत आली, 2 फूट 6 इंचाची लाइन, आता ती कुर्डुवाडीपर्यंत सगळी ब्रॉडगेज झाली. त्यामुळं मला मोठ्या एक्स्प्रेसच्या इंजिनांपेक्षा वाकड्यातिकड्या वाटेवर ओझी ओढणारी इंजिनं जास्त आवडतात, आणि शे त्यातली एक नंबर. अमेरिकेत मिशिगनमध्ये लाकडाचा धंदा करणाऱ्या इफ्रेम शे या माणसानं जंगलातल्या कच्च्या रुळांसाठी ती बनवली, 1881 ला पेटंट, पुढं ओहायोतल्या लायमा कारखान्यानं 1945 पर्यंत अशी अडीच हजारांच्या वर इंजिनं काढली. नेहमीच्या इंजिनाला चाकांना जोडणारे आडवे दांडे असतात, हिला नाहीत. हिचे सिलिंडर उजव्या बाजूला उभे, खाली क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या वरखाली होण्यानं फिरणारा दांडा), तिथून पुढच्या आणि मागच्या बोगीकडे एकेक शाफ्ट, आणि बेव्हल गियरनं, म्हणजे फिरकी काटकोनात वळवणाऱ्या दातेरी चाकांनी, प्रत्येक चाकाला ताकद. म्हणजे इंजिनाचं सगळं वजन ओढायच्या कामी येतं. सिलिंडरचं वजन एका बाजूला पडतं म्हणून बॉयलर डावीकडं सरकवलेला. मॉडेलमध्ये तोही एक स्टड (ब्रिकवरच्या एका बटणाएवढं अंतर) डावीकडं घेतलाय, घरी येणारा प्रत्येक जण विचारतो तिरका बसलाय का, आणि मला दरवेळी हे सगळं सांगायला आवडतं.

जोडणीबद्दल थोडक्यात, काम सुंदर आहे. बॉयलर, केबिन, पाण्याची टाकी कुठंही अडत नाही. आणि डिझाइन करणाऱ्याचं मनापासून कौतुक यासाठी की मोटर थेट चाकांना न लावता क्रँकशाफ्टला लावलीय, तिथून खऱ्या शेसारखीच दोन्ही बोग्यांना ताकद जाते. पिस्टन नुसते शोभेला नाहीत, ते त्याच शाफ्टवर नाचतात. पण याचा अर्थ असा की गाडीचा सगळा जोर चार युनिव्हर्सल जॉइंटमधून जातो, प्रत्येक बोगीकडं दोन. मग हे चार जॉइंट किटमधले सगळ्यात मजबूत पार्ट असायला पाहिजेत की नाही? तर ते सगळ्यात हलके आहेत. ब्रिक उत्तम, गियर चांगले, आणि नेमकी इथं काटकसर.

पहिल्या दिवसापासून गाडी सरळ ट्रॅकवरसुद्धा लचकत लचकत चालायची. कपलिंगला डबे लावले की डबेपण धक्के खायचे. मी तेव्हा सगळ्यांना सांगत सुटलो होतो की घेऊ नका, जॉइंट भिकार आहेत. हे मत मला अर्धं बदलावं लागलं, ते माधवनगर रोडच्या एका ट्रक गॅरेजातल्या मिस्त्रीमामांमुळं. गाडीचा विषय निघाला, मी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला, मामांनी तो थांबवून मोठा करून बघितला आणि म्हणाले, "ह्ये दोन क्रॉसचं कान बगा, एक उभं एक आडवं हाय. प्रोपेलर शाफ्टला आमी बाण जुळवून बसवतो, न्हाईतर गाडी थरथरती." आणि तसंच होतं! एका जॉइंटमधून वाकून फिरणारा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा सावकाश होतो, मधल्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कान (जॉइंटमधला क्रॉस धरणारे फाटे) एका पातळीत असले तर दुसरा जॉइंट पहिल्याची चूक खाऊन टाकतो, नसले तर ती वाढवतो. या मॉडेलात क्रँकशाफ्ट बोगीच्या शाफ्टपेक्षा एक स्टड वर आहे त्यामुळं सरळ ट्रॅकवरही कोन कायम असतो. आणि पुस्तिकेतल्या चित्रात कान काटकोनात दाखवलेत, छापलंच तसंय! अधिक-चिन्हाच्या आकाराचा ॲक्सल असल्यामुळं जॉइंट काढून 90 अंशात फिरवून परत घातला की झालं. तो लचका गेला. वळणावर थोडा राहतो कारण तिथं बोगी फिरते आणि दोन्हीकडचे कोन सारखे राहत नाहीत, पण तेवढं चालतं. ज्यांच्याकडं हे किट आहे त्यांनी आजच्या आज हे करा.

म्हणून गणपतीत मी ती विश्वासानं आरासीत लावली, आणि मग वर सांगितलं ते झालं. लचका बसवायच्या चुकीचा होता, चीर मात्र प्लास्टिकचीच. कस्टमर केअरला फोटो पाठवले तर म्हणे मिसिंग पार्ट देतो, तुटलेला देत नाही. मग म्हणे अनबॉक्सिंगचा व्हिडिओ पाठवा. अहो, जॉइंट चालवताना चिरला, डबा उघडताना नाही! मग म्हणे सलग चालवण्यासाठी हे मॉडेल नाही. बॉक्सवर मोटर, ट्रॅक, सगळं छापून विकता आणि चालवू नका म्हणता? मी सोडलं नाही, रोज मेसेज केला, शेवटी दोन जॉइंट फुकट आले. तेही त्याच प्लास्टिकचे, नखानं दाबलं तरी कान वाकतात. शेवटी लेगोचे मूळ जॉइंट सुटे मागवले, मालापेक्षा कुरियरला जास्त पैसे गेले याचा राग अजून आहे, पण ते बसवल्यापासून दिवाळीची सुट्टीभर गाडी चालली आणि एकालाही काही झालं नाही.

वळणाबद्दल एक. लेगोचं नेहमीचं वळण 16 तुकड्यांत पूर्ण गोल होतं, म्हणजे चांगलंच घट्ट. शाफ्ट उजव्या बाजूला असल्यानं गाडी डावीकडं वळली की तो लांबतो, उजवीकडं वळली की आखडतो, म्हणून मधला ॲक्सल सरकता ठेवलाय. हे काम त्यांनी चोख केलंय, आजपर्यंत एकदाही ॲक्सल निसटला नाही आणि अडकलाही नाही. खऱ्या शेला सरकता चौकोनी शाफ्ट असतो, तेच तत्त्व.

आणि ज्याचा मला खरा आनंद झाला ते बॅटरीचं. डब्यात सहा एएए सेल लागतात, एकदाच वापरायचे अल्कलाइन घालत बसलो असतो तर दर महिन्याला खिशाला भोक. रिचार्जेबल सेल 1.2 व्होल्टचे, सहांचे मिळून 9 ऐवजी 7.2 व्होल्टच होतात, त्यामुळं वेगाच्या गाड्या त्यावर मरगळतात. पण शे मुळात सावकाश जाणारी आणि पिस्टन भराभर हलवणारी, इथं 7.2 व्होल्टवरच चाल खरी वाटते. शिलाई मशीनसारखे ते तीन दांडे टकटकटक चालू आणि गाडी मात्र मुंगीच्या पावलानं घाट चढतेय, हे बघायला शेजारचे आजोबा खुर्ची घेऊन बसतात.

तर घ्यावी का? घ्या, पण किंमतीत मूळ जॉइंटचा खर्च धरूनच घ्या आणि मित्रांबरोबर एकत्र मागवा म्हणजे कुरियर वाटून जाईल. कंपनीवाले वाचत असतील तर पुस्तिकेतलं ते चित्र बदला आणि जॉइंट चांगल्या प्लास्टिकचे द्या. किटची किंमत शंभर-दोनशेनं वाढवा, मी कुरकुर न करता देईन.