मुलीच्या ग्रुप काउन्सेलिंगचा अनुभव, माझ्याकडून पाचपैकी साडेतीन

मुलगी नववीत. घरात अखंड बडबड आणि वर्गात तोंडातून शब्द नाही, म्हणून एका सेंटरमध्ये ग्रुप काउन्सेलिंगला घातली. दहा आठवडे, आठवड्याला तासभर, आठ मुलं. आधी वाटलेलं एकेकाला वेळ देता येत नाही म्हणून सगळ्यांना एकत्र कोंबतात, पण मग लक्षात आलं हिची अडचण मोठ्यांशी बोलण्याची नाहीच, बरोबरीच्या पोरांशी बोलण्याची आहे, मग ती पोरं खोलीत नकोत का.

सगळ्यात भारी रोल प्ले. एकदा घरी येऊन मला आणि धाकट्याला गप्पा मारायला बसवलं आणि स्वतः बाहेरून आली, म्हणजे चालू गप्पांत शिरायचं कसं त्याची प्रॅक्टिस. आधी जवळ उभं राहून विषय ऐकायचा, मग त्याच विषयावर छोटंसं काहीतरी बोलायचं, आपलं घोडं पुढे दामटायचं नाही. पहिल्यांदा आली ती थेट स्वतःचंच सुरू, धाकटा म्हणाला "आमचं संपू दे की!" तिसऱ्या वेळी जमलं. तिकडेही असंच, काउन्सेलर करून दाखवणार, मग मुलं करणार, बाकीची सांगणार काय जमलं काय नाही, वर आठवडाभराचा होमवर्क. आपल्यासारख्याच कुणाला बघून माणूस पटकन शिकतो हे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा कधीचे सांगून गेलेत, मी मात्र दोन वर्षं नुसतं "बोल गं, बोल गं" करत बसले.

ग्रुपमध्ये कोण कोण आहे हिला विचारलं तर "नियम आहे, सांगायचं नाही". जिवाला धोका वाटला तरच पालकांना कळवू, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलेलं, ते आवडलं.

तिसऱ्या आठवड्यात भांडणं झाली, ही म्हणे जाणारच नाही. काउन्सेलर म्हणाल्या खटके उडणारच, ब्रूस टकमन या मानसशास्त्रज्ञाने 1965 मध्ये ग्रुप जमत जातो त्याचे टप्पे मांडले त्यात हाही एक आहे. पटलं. पण मग पाचव्या सेशनला नवीन मुलगा आणून बसवला तेव्हा हे टप्पे कुठे गेले? जरा कुठे घडी बसत होती ती मोडली, दोन सेशन पुन्हा ओळखीपाळखीत.

अजून एक, चौकशी करताना विचारून घ्या की मारामारी करणारी सगळी मुलं एकाच ग्रुपात टाकतात का. अशी मुलं एकमेकांना चढवतात आणि उलटंच होऊ शकतं, 1999 साली डिशन नावाच्या संशोधकाने आणि मंडळींनी यावर लिहिलंय. इथे मिक्स ग्रुप होता.

मोठी तक्रार शाळेबद्दल. खोलीत जमलेलं वर्गात आपोआप जमत नाही, तिथे कुणीतरी लक्ष ठेवायला हवं, पण क्लास टीचरशी एकदाही बोलणं नाही, विचारलं तर "बघू". शेवटी मीच होमवर्कचा कागद घेऊन मॅडमना भेटले, त्यांनी हिला एका छोट्या प्रोजेक्ट ग्रुपमध्ये घातलं, आता निदान दोघींशी तरी बोलते. सेशन संपून दोन महिने झाले, फॉलोअपचा फोन अजून यायचाय.