‘पिरॅमिड’: मुख्य खेळापेक्षा सरस ठरलेली बोनस फेरी

अमेरिकन टीव्हीवरच्या गेम शोंमध्ये बोनस फेरी बहुतेक वेळा बक्षिसाची रक्कम फुगवण्यासाठी असते आणि खेळ म्हणून ती मुख्य खेळाच्या तोडीची क्वचितच उतरते. ‘पिरॅमिड’ हा याला सर्वांत ठळक अपवाद आहे, आणि गेम शोची रचना कशी असावी याची उत्सुकता असणाऱ्या प्रत्येकाने तो पाहावा असे मला मनापासून वाटते. 1973 साली सीबीएस या अमेरिकन वाहिनीवर सुरू झालेल्या, बॉब स्टुअर्ट यांनी घडवलेल्या आणि डिक क्लार्क यांच्या सूत्रसंचालनाने ओळखल्या गेलेल्या या कार्यक्रमाच्या नावातला आकडा बक्षिसाबरोबर दहा हजार डॉलरपासून एक लाखापर्यंत वाढत गेला, पण शेवटच्या साठ सेकंदांचा गाभा कोणी बदलला नाही.

आपल्याकडच्या प्रेक्षकांना बोनस फेरीची फारशी सवय नाही. ‘कौन बनेगा करोडपती’ ज्या ब्रिटिश कार्यक्रमावर बेतला आहे, त्यात प्रश्नांची शिडीच इतकी चढत जाते की निराळ्या अंतिम टप्प्याची गरज उरत नाही. ‘होम मिनिस्टर’मध्येही वहिनींचे खेळ संपले की निकाल लागे आणि पैठणी विजेतीच्या हाती पडे. अमेरिकेतली पद्धत वेगळी आहे. तिथे आधी स्पर्धक एकमेकांशी खेळतात आणि जिंकलेला स्पर्धक मग एकटा, किंवा जोडीदाराला घेऊन, घड्याळाशी खेळतो. हा दुसरा खेळ पहिल्याशी कोणते नाते ठेवतो, यावर सगळे अवलंबून असते.

‘पिरॅमिड’चा मुख्य खेळ साधा आहे. एक सामान्य स्पर्धक आणि एक नामवंत कलाकार अशा दोन जोड्या असतात. जोडीतल्या एकाने तीस सेकंदांत सात शब्दांची वर्णने करायची आणि दुसऱ्याने ते शब्द ओळखायचे. हातवारे चालतात, पूर्ण वाक्ये चालतात, नकला चालतात. फक्त तो शब्द तोंडातून निघता कामा नये. हा भाग खेळकर आणि वेगवान आहे, पण घरच्या मैफलीत कोणीही खेळू शकेल असा आहे, आणि तीन-चार भाग पाहिल्यावर त्यात नवे काही उरत नाही.

‘विनर्स सर्कल’ या बोनस फेरीत मात्र हाच खेळ उलटा फिरवला आहे. मुख्य खेळात वाटेल तितके बोलून एका वस्तूपर्यंत पोहोचायचे असते. इथे एकामागून एक नुसत्या वस्तूंची नावे घेऊन त्या सर्वांना बांधणारे सूत्र जोडीदाराच्या तोंडून वदवायचे असते. साठ सेकंदांत पिरॅमिडच्या आकारात मांडलेली अशी सहा सूत्रे ओळखायची, खालची तीन तुलनेने सोपी आणि वर चढावे तशी अवघड. वर्णन चालत नाही, व्याख्या चालत नाही, सूत्रातला शब्द उच्चारता येत नाही, आणि हातवारे तर मुळीच नाहीत. आपसूक हात हलू नयेत म्हणून खुर्चीच्या हातांना पट्टेसुद्धा असतात, त्यांत हात अडकवूनच बोलायचे. नियम मोडला की भोंगा वाजतो, ते सूत्र बाद होते आणि त्याच क्षणी मोठे बक्षीस हातचे जाते, बाकीच्या सूत्रांची किरकोळ रक्कम तेवढी मिळू शकते.

याची खरी गंमत मराठीत खेळून पाहिली की कळते. समजा सूत्र आहे ‘सोलाव्या लागणाऱ्या गोष्टी’. सांगणारा म्हणतो, ‘केळं... मोसंबं...’ आणि जोडीदार अर्थातच म्हणतो, ‘फळं’. आता ‘साल असते ते’ असे म्हणण्याची अनावर इच्छा होते, पण ती व्याख्या झाली आणि भोंगा ठरलेला. म्हणून तो म्हणतो, ‘लसूण’. जोडीदार गोंधळून ‘स्वयंपाकाचं सामान’ म्हणतो. मग सांगणाऱ्याला सुचते, ‘उकडलेलं अंडं’, आणि त्या एका नावासरशी फळे आणि सामान दोन्ही बाजूला पडून सूत्र उघडे होते. इथे चांगला खेळाडू सर्वांत नेमके उदाहरण शोधत बसत नाही. जोडीदाराचा चुकलेला अंदाज मोडून काढणारे उदाहरण शोधतो. समोरच्याचे मन कोणत्या वाटेने चालले आहे हे सेकंदभरात ओळखण्याची ही कसोटी आहे, आणि ती मुख्य खेळात कुठेही लागत नाही. 1977 मध्ये विनोदी अभिनेते बिली क्रिस्टल यांनी अवघ्या 26 सेकंदांत सहाही सूत्रे जोडीदाराकडून वदवून घेतली होती; ते दृश्य पाहताना त्यांच्या वेगाइतकेच त्यांच्या निवडीकडे लक्ष द्यावे.

या मापाने इतर कार्यक्रम तपासले की फरक स्पष्ट दिसतो. 1975 पासून चालू असलेल्या ‘व्हील ऑफ फॉर्च्यून’चा मुख्य खेळ अतिशय सुघड आहे: चाक फिरवण्याचा धोका, पैसे देऊन स्वर विकत घेण्याचा हिशेब, एकेक अक्षर उलगडत जाणारे वाक्य. बोनस फेरीत यातले जवळजवळ काहीच शिल्लक राहत नाही. पूर्वी स्पर्धकाला पाच व्यंजने आणि एक स्वर निवडावा लागे आणि बहुतेक जण आर, एस, टी, एल, एन आणि ई हीच अक्षरे मागत. म्हणून 1988 मध्ये ती आधीच देऊन वर तीन व्यंजने आणि एक स्वर निवडू देण्याची पद्धत आली, आणि वेळ दहा सेकंदांवर आणला गेला. सुधारणा चतुर होती, पण तिचा परिणाम असा की या सहा अक्षरांना हुलकावणी देणारी आखूड कोडी घातली जाऊ लागली, आणि त्यांपुढे अनेक स्पर्धक नुसते उभे राहतात. प्रेक्षक म्हणून मला त्यांची हतबलताच दिसते, कौशल्य दिसायला जागाच नसते. शेवटी पाकीट उघडून हुकलेली रक्कम दाखवतात तेव्हा हळहळ वाटते, पण ती पैशाबद्दल, खेळाबद्दल नव्हे.

‘फॅमिली फ्यूड’चे पारडे मात्र जड आहे. शंभर लोकांच्या पाहणीतली उत्तरे ओळखण्याचा हा खेळ ‘मॅच गेम’ या दुसऱ्या गेम शोच्या बोनस भागातल्या कल्पनेतून वाढला, हे मुळातच बोलके आहे. त्याच्या ‘फास्ट मनी’ फेरीत कुटुंबातल्या दोघांना एकापाठोपाठ तेच पाच प्रश्न विचारतात आणि दोघांचे मिळून 200 गुण व्हावे लागतात. दुसऱ्याला पहिल्याची उत्तरे ठाऊक नसतात, प्रेक्षकांना असतात. त्यामुळे तो तेच उत्तर देणार हे आपल्याला आधी दिसते, भोंगा नंतर वाजतो. नाट्य म्हणून हे अव्वल आहे. कौशल्य मात्र मुख्य खेळातलेच, केवळ घाईत वापरलेले, आणि उरलेल्या तिघांना बाजूला उभे राहून टाळ्या वाजवाव्या लागतात, हे कुटुंबाच्या खेळाला शोभत नाही.

आणि बोनस फेरी घातली म्हणजे भलेच होते असेही नाही. ‘जेपर्डी’ या प्रश्नमंजूषेच्या 1978 सालच्या आवृत्तीत पैज लावण्याचा प्रसिद्ध अंतिम प्रश्न काढून त्या जागी ओळीत पाच चौकटी जिंकण्याची बोनस फेरी आणली. काही महिन्यांत कार्यक्रम बंद पडला, आणि 1984 मध्ये परतला तो अंतिम प्रश्नासह.

‘पिरॅमिड’ पाहायचाच असेल तर 1980 च्या दशकातले डिक क्लार्क यांचे भाग आधी पाहावेत. त्यांत एका भागात दोन खेळ होतात आणि जोडीदार बदलतात, त्यामुळे एकच स्पर्धक वेगळ्या कलाकाराबरोबर कसा वेगळा खेळतो हे शेजारी-शेजारी दिसते. शिवाय फेरी हुकली तर क्लार्क स्वतः शांतपणे सांगत, की अडलेल्या सूत्रासाठी कोणती नावे घेता आली असती; त्यांच्या सूचना ऐकताना खेळाची खोली कळते. 2016 मध्ये मायकेल स्ट्रॅहॅन यांच्या सूत्रसंचालनाने एबीसी वाहिनीवर आलेली आवृत्ती झगमगीत आहे आणि बक्षिसेही भरघोस आहेत. पण त्या फेरीला मुळात दोन खुर्च्या, एक घड्याळ आणि शांतता एवढेच पुरेसे होते.